हाताने रंगवलेलं जुनं शिळाछाप चित्र घेताना: आधी रंग तपासा

आजोळच्या माळ्यावर शिळाप्रेसची पोथी सापडली, तर तिचं अक्षर छापील असूनही हातचं वाटतं. ते हातचंच असतं. लेखनिकाने तेलकट शाईने लिहिलेलं दगडावर उतरायचं आणि दगडावरून कागदावर यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणपत कृष्णाजी मुंबईत असा छापखाना चालवत होते. त्याच काळात लंडन-पॅरिसमध्ये याच तऱ्हेच्या दगडांवरून इजिप्त, पॅलेस्टाइन, तुर्कस्तान आणि हिंदुस्थानची मोठमोठी चित्रं निघत होती. ती काळ्या शाईत छापून वर जलरंगाने हाताने रंगवली जात. युरोपने पूर्वेकडच्या देशांची अशी चित्रं इतकी काढली की त्यांचा एक वेगळा वर्गच झाला. त्यांना पौर्वात्यवादी किंवा ओरिएंटलिस्ट चित्रं म्हणतात.

अशी चित्रं आज मुंबईच्या चोर बाजारात दिसतात, लंडनच्या जुन्या छापचित्रांच्या दुकानात दिसतात, आणि इजिप्तच्या सहलीहून परतणाऱ्यांच्या बॅगेतही दिसतात. घेणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात: हे खरं आहे का, जुनं आहे का, रंग मूळचे आहेत का? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. छपाई १८४०च्या दशकातली आणि रंग १९८०च्या दशकातला, असं चित्र सर्रास मिळतं. ते खोटं नसतं, पण मूळ रंगाचं म्हणून त्याचे पैसे मोजायचे नसतात.

सगळ्या चित्रकारांचा फापटपसारा न मांडता मी एकच उदाहरण धरून चालतो: डेव्हिड रॉबर्ट्स. या वर्गात त्याची चित्रं सगळ्यात जास्त फिरतात आणि त्याच्याच सगळ्यात जास्त नकला निघतात. त्याचं चित्र पारखायला शिकलात की इतरांची पारखणं सोपं जातं.

आधी हे चित्र कुठून आलं ते समजून घ्या

रॉबर्ट्स (१७९६–१८६४) एडिंबराजवळचा. घरं रंगवणाऱ्याकडे उमेदवारी करून तो नाटकांचे पडदे रंगवू लागला आणि त्यातून लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांपर्यंत पोहोचला. सप्टेंबर १८३८ मध्ये तो अलेक्झांड्रियाला उतरला. नाईलवरून अबू सिंबेलपर्यंत जाऊन कैरोला परतला, पुढे सिनाई, पेत्रा (आजच्या जॉर्डनमधलं कातळात कोरलेलं जुनं शहर), जेरुसलेम, बालबेक करत १८३९ मध्ये मायदेशी गेला. कैरोच्या मशिदींत बसून चित्रं काढण्याची परवानगी त्याला मिळाली, पण अट होती: तुर्की पोशाख करायचा आणि डुकराच्या केसांचे कुंचले वापरायचे नाहीत.

त्याची रेखाटनं दगडावर उतरवली लुई हॅग याने. हॅग मूळचा बेल्जियममधल्या तूर्नेचा. त्याचा उजवा हात जन्मतः अधू होता, सगळं काम डाव्या हाताने. सुमारे २५० चित्रं! लंडनच्या एफ. जी. मून या प्रकाशकाने ती १८४२ ते १८४९ या काळात वर्गणीदारांना भागाभागाने दिली. पुढे १८५५–५६ च्या सुमारास डे अँड सन यांनी लहान आकारात तीच चित्रं पुन्हा काढली.

चित्र कसं छापलं जाई तेही थोडक्यात पाहू, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडी दगड वाळूने घासून रवाळ करायचा. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. दगड ओला केला की खडू नसलेली जागा पाणी धरते. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूवर बसते. ही युक्ती १७९०च्या दशकाच्या अखेरीस आलॉइस झेनेफेल्डरने शोधली. रॉबर्ट्सच्या चित्रांना शिवाय एक दुसरा दगड असे. त्यावरून फिकट मातकट रंगाचा एक थर कागदभर यायचा आणि जिथे ऊन किंवा ढगाची कड पांढरी हवी तिथे तो दगड खरवडून ठेवलेला असायचा. या दुसऱ्या दगडाला टिंट म्हणतात. हाताने चढवलेले रंग या दोन्हींच्या वरचे.

वर्गणीदाराला पर्याय होते. स्वस्तातली प्रत नुसती टिंटची. सगळ्यात महाग प्रत हाताने रंगवलेली, कडा कापून जाड कार्डावर चिकटवलेली, म्हणजे हातात मूळ जलरंग चित्रच धरल्यासारखं वाटावं. म्हणून रॉबर्ट्सच्या मूळ रंगीत चित्राला समास कापलेला असेल तर तो दोष नाही. उलट भरपूर समास असलेलं आणि भडक रंगवलेलं पान समोर आलं, तर ते साधं टिंटचं असावं आणि रंग पुढे कुणीतरी चढवला असावा, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

पहिली पायरी: फ्रेम उतरवायला सांगा

काचेआडून चित्र घेऊ नका. विक्रेता फ्रेम उघडायला तयार नसेल तर तिथून निघा. फ्रेमबरोबर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हीही बाजूला करायला सांगा, कारण माउंटखाली झाकलेली बोटभर पट्टी चित्राचा खरा इतिहास सांगते. तिथला निळा गडद आणि उघड्या भागातला फिका असेल, तर रंग उन्हाने उडालाय. माउंटच्या आतल्या कडेने तपकिरी रेघ उमटली असेल, तर पुठ्ठा आम्लधर्मी होता आणि तो वर्षानुवर्षं कागद भाजत होता.

दुसरी पायरी: भिंग

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. मोबाइलचा कॅमेरा पुरत नाही.

आजची ऑफसेट छपाई भिंगाखाली लगेच उघडी पडते. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके ओळीने, फुलासारख्या वर्तुळात मांडलेले दिसतात. लग्नाची पत्रिका भिंगाखाली धरून बघा, एकदा डोळ्यात बसलं की कायमचं बसतं. असे ठिपके दिसले तर पुढे काही पाहायची गरज नाही. कैरोच्या बाजारात रॉबर्ट्स म्हणून मिळणारी बहुतेक चित्रं इथेच गळतात. सहलीची आठवण म्हणून ती भिंतीवर छान दिसतात, पण ती नव्या छपाईची आहेत.

ठिपके आहेत, पण वेडेवाकडे, आणि अनेक रंगांचे एकमेकांवर चढलेले? मग ती क्रोमोलिथोग्राफी असेल, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. हे तंत्रही जुनं आणि अस्सल आहे. रविवर्मा प्रेसमधून निघालेल्या आपल्या ओळखीच्या लक्ष्मी-सरस्वती याच घराण्यातल्या. इस्तंबूलची चित्रं काढणाऱ्या माल्टाच्या प्रेझिओसीचा १८५८ चा पॅरिसचा संच असाच छापलेला आहे. फक्त त्याला हाताने रंगवलेलं म्हणू नका, आणि कुणी म्हणत असेल तर दुरुस्त करा.

आता खऱ्या हाताच्या रंगाचं चित्र भिंगाखाली कसं दिसतं ते सांगतो. पुढच्या भागात बसलेल्या एखाद्या माणसाचं लाल पागोटं निवडा, उघड्या डोळ्यांना जेमतेम तुरीच्या दाण्याएवढं. सगळ्यात तळाशी काळ्या खडूचे कण दिसतील. ते अनियमित असतात, जाड रव्यासारखे, कुठे दाट कुठे विरळ, आणि दोन कणांमध्ये कागद दिसतो. त्यांच्यावर पसरलेला टिंटचा मातकट थर अगदी सपाट, पातळ ताकासारखा. पागोट्याच्या उजेडाच्या बाजूला तो थांबतो आणि कोरा कागद चमकतो, तिथे दगड खरवडलेला होता. आणि सगळ्यांवर लाल रंग. तो कणांमध्ये झिरपलेला असतो, कडेला सुकताना जमा होऊन गडद रेघ झालेली असते, आणि एका जागी केसभर बाहेर गेलेला असतो. थेंब जिथे आधी टेकला तिथे डाग दाट, पुढे विरळ. छपाईत असं होत नाही, कारण तिथे रंग एकाच दाबाने बसतो. मग चित्र तिरकं धरून खिडकीकडे वळवा. गडद सावल्यांवर कुठे कुठे चकाकी दिसेल, त्या डिंकाच्या पाण्याने खोल केलेल्या असतात.

हे रंगवणारे बहुधा निनावी कामगार. समोर एक नमुना ठेवलेला असे आणि त्याबरहुकूम पानांमागून पानं रंगवली जात. म्हणून एकाच चित्राच्या दोन मूळ प्रती तंतोतंत सारख्या नसतात, पण रंगांची योजना मात्र जुळते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने रॉबर्ट्सची रंगीत चित्रं मोठ्या आकारात मोफत उघडी ठेवली आहेत. तुमच्या समोरच्या चित्राचं नाव शोधून तिथल्या प्रतीशी ताडून बघा. तिथे फिकं पिवळसर आकाश आणि तुमच्याकडे मोरपंखी असेल, तर कारण विचारा.

तिसरी पायरी: रंग कधी चढला

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि किमतीतला मोठा फरकही इथेच पडतो.

सुरुवातीच्या दिवसांत मी इजिप्तमधल्या फायले बेटाच्या देवळाचं एक चित्र घेतलं. विकणाऱ्याने रंग मूळचे असल्याचं छातीठोक सांगितलं होतं. छपाई अस्सल होती, भिंगाखाली सगळं वर लिहिल्यासारखं दिसलं आणि मी पैसे दिले. घरी आल्यावर पान उलटं केलं. आकाशाचा निळा पाठीमागे उमटला होता, टिपकागदावर शाई उमटावी तसा. आकाशात जुने तांबूस ठिपके होते आणि निळा रंग त्यांच्यावरून गेला होता. म्हणजे आधी कागद जुना झाला, डागाळला, आणि मग कुणीतरी तो रंगवला.

कागद बनवताना त्याला सरस लावतात, त्यामुळे जलरंग वर तरंगतो. कागद जुना होत जातो तसा हा सरस मरतो. मग चढवलेला रंग आत शोषला जातो, त्याच्या कडा पिसासारख्या फुटतात आणि तो मागे उतरतो. म्हणून पाठ नेहमी पाहा. मूळ रंगाच्या पानाची पाठ साधारणपणे स्वच्छ असते. कार्डावर चिकटवलेलं चित्र असेल तर पाठ पाहता येत नाही. तेव्हा डाग रंगाच्या वर आहेत की खाली, एवढंच तपासा. घडीच्या किंवा फाटलेल्या जागी रंग फटीत शिरला असेल, तर तो फाटल्यानंतरचा.

एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोलू लागल्या की विश्वास ठेवा. आणि नंतर रंगवलेलं चित्र आवडलं असेल तर जरूर घ्या, नंतर रंगवलेल्याच्या भावात.

चौथी पायरी: अक्षरं, तारीख, कागद

रॉबर्ट्सच्या बऱ्याच चित्रांत कोपऱ्यात जागेचं नाव, सही आणि तारीख असते. पेत्राच्या चित्रांवर मार्च १८३९ दिसेल. ही तारीख रेखाटन केल्याची आहे, छपाईची नाही. "१८३९ चं चित्र" म्हणून विकलं जातं ते या गैरसमजातून. सहीसुद्धा दगडावर काढलेली आणि चित्राबरोबर छापलेली असते. तिला चित्रकाराची हातची सही समजून जादा पैसे देऊ नका.

चित्राखाली बारीक अक्षरात प्रकाशकाचं नाव असेल तर ते वाचा. मूनचं नाव आणि थ्रेडनीडल स्ट्रीटचा पत्ता असेल तर मोठी, पहिली आवृत्ती. डे अँड सन असेल तर बहुधा लहान आवृत्ती. आकारावरूनही कळतं: पहिल्या आवृत्तीतलं पूर्ण पानाचं चित्र लांबीला जवळपास अर्धा मीटर, लहान आवृत्तीतलं साधारण त्याच्या निम्मं. लहान आवृत्ती पुष्कळ स्वस्त मिळते, आणि नवख्या माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. हात बसतो, आणि चूक झाली तरी परवडते.

नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर अंधाऱ्या खोलीत कागदावर धरा. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात आणि तो निळसर पांढरा झगमगतो. जुना कागद मंद, पिवळसर दिसतो.

पाचवी पायरी: चित्र वाचा

चित्र अस्सल निघालं म्हणजे त्यातलं सगळं खरं, असं नाही. आणि खोटंही नाही. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रॉबर्ट्सच्या इजिप्तमधल्या एडफूच्या चित्रात देवळाचे खांब वाळूत रुतलेले आहेत, अंगण भरून गेलंय. ते तसंच होतं. मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ती वाळू उपसायला सुरुवात केली १८६० मध्ये. अबू सिंबेलच्या दारासमोर वाळूचा ढीग चढलाय. तिथलं देऊळ १९६४ ते १९६८ मध्ये अस्वानच्या नव्या धरणापायी कापून वर नेलं, आणि फायलेची देवळं १९७०च्या दशकात शेजारच्या बेटावर हलवायला घेतली. म्हणजे ही चित्रं आता अस्तित्वात नसलेल्या जागांची साक्ष आहेत. ती साक्ष मोलाची आहे.

पण पुढच्या भागातली माणसं पाहा. जवळजवळ प्रत्येक चित्रात ती बसलेली, टेकलेली, चिलीम ओढणारी. अवशेष प्रचंड आणि माणसं मुंगीएवढी. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला पुढे कुठे रंगाचा ठिपका हवा आणि मागे कुठे उजेड, हे पक्कं ठाऊक होतं, आणि माणसं त्या हिशेबाने मांडली आहेत. त्याच वर्षांत मुहम्मद अली पाशा या राज्यकर्त्याचा इजिप्त कारखाने आणि कालवे उभारत होता. ते या संचात शोधून काढावं लागतं. एक चित्र मात्र मी प्रत्येकाला बघायला सांगतो: मे १८३९ मध्ये अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात पाशाची झालेली मुलाखत. तिथे पाशासमोर थॉमस वॅगहॉर्न बसलेला आहे, इंग्लंड आणि मुंबईमधली टपाल आफ्रिकेला वळसा न घालता सुएझमार्गे नेण्यासाठी झगडणारा माणूस. बाहेर बंदरात जहाजं आहेत. त्या चित्रात इजिप्त वर्तमानकाळात दिसतो.

आपल्याकडच्या लेण्यांवरही हीच नजर फिरली. जेम्स फर्ग्युसनच्या रेखाटनांवरून वेरूळ, अजिंठा, कार्ल्याची टिंटची शिळाछाप चित्रं १८४५ मध्ये लंडनला निघाली. वेरूळ पाहिलेल्या माणसाने ती चित्रं पाहावीत. चित्रकाराने काय हुबेहूब घेतलं आणि काय सोयीने हलवलं, हे ओळखीच्या जागेवर चटकन कळतं, आणि मग तीच नजर पेत्रावर ठेवता येते.

सहावी पायरी: विचारा आणि लिहून घ्या

पावतीवर चित्रकार, दगडावर उतरवणारा, प्रकाशक, आवृत्ती, आणि रंग मूळचा की नंतरचा हे लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं उपयोगाचं नाही. पान पुस्तकातून कधी सुटं झालं तेही विचारा. कित्येक संच पूर्वीच फुटले, त्याला आता इलाज नाही. पण आजही कुणी पूर्ण ग्रंथ फोडून पानं सुटी विकत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. फुटलेला संच पुन्हा जुळत नाही.

भारतात घेतलेलं असं चित्र परदेशातल्या मुलीला पाठवायचं असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

साफ करू नका. ब्रेड, खोडरबर, ओलं फडकं, ब्लीच, काहीही नको. हाताचा रंग पाण्यात विरघळतो, एका पुसण्यात पागोटं जाईल. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ते उलटवता येत नाही. डाग फार असतील तर कागद-संवर्धकाकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथून चौकशीला सुरुवात करता येईल.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी सांगा. पुठ्ठा आम्लमुक्त हवा. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगायचं, पूर्ण चिकटवायचं नाही. आणि काच चित्राला टेकता कामा नये. तो "असं कोणी करत नाही" म्हणाला तर दुसरा फ्रेमवाला शोधा.

उन्हाची भिंत टाळा, बाथरूमला लागून असलेली टाळा, पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंतही टाळा. संग्रहालयं अशा चित्रांवर सुमारे ५० लक्सच उजेड ठेवतात, म्हणजे मंद दिव्याची खोली. कोकणात आणि मुंबईत जूनपासून हवा इतकी दमट असते की बुरशी आणि कसर दोन्ही जोमात असतात. शक्य असेल तर ते चार महिने चित्र भिंतीवरून उतरवून कोरड्या कपाटात आडवं ठेवा, आम्लमुक्त कागदात, वर वजन न ठेवता. फ्रेममध्येच ठेवायचं असेल तर फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये बुचाचे चार तुकडे लावा, मागून हवा खेळते.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फ्रेम उतरवून आधी पाठ पाहा. सांध्यांत बारीक भुसा पडला आहे का, पुठ्ठा फुगला आहे का. मग भिंग घेऊन आकाश बघा. गेल्या वर्षी नव्हते असे तांबूस ठिपके तिथेच आधी दिसतात.